लांबलेला मुक्काम

दक्षिणेकडून रात्रभर धावत आलेल्या बऱ्याच गाड्या एग्मोरला पोचण्याआधी मांबलमला थांबतात. रामेश्वरम, तंजावर, तिरुची, मदुरैहून येणाऱ्याला चेन्नई पहिल्यांदा भेटते ती पुष्कळदा याच फलाटावर. पूर्वेला उतरलं तर रंगनाथन स्ट्रीटची गर्दी आणि पुढे त्यागरायनगर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं टी. नगर. पश्चिमेला उतरलं तर वेस्ट मांबलम. दोन्ही भाग जुन्या मांबलम गावातूनच निघालेले, पण त्यांचं नशीब सारखं नव्हतं. टी. नगर १९२०च्या दशकात लाँग टँक नावाचा मोठा तलाव बुजवून आखून वसवलं गेलं. रुंद रस्ते, बागा आणि जस्टिस पक्षाच्या पुढाऱ्यांची नावं त्याच्या वाट्याला आली. रुळांच्या पश्चिमेसाठी असा आराखडा कुणी काढला नाही. तिथे लेक व्ह्यू रोड आहे, तलाव मात्र नाही. अरुंद गल्ल्या, सगळ्या शहरात बदनाम झालेले डास आणि टी. नगरपेक्षा कमी भाडं, ही वेस्ट मांबलमची जुनी ओळख.

कमी भाडं आणि जवळ स्टेशन, एवढ्या दोन गोष्टींवर शहरातला कुठलाही भाग बाहेरून येणाऱ्यांचा होतो. १९३१ साली बीच ते तांबरम विजेची लोकल सुरू झाली आणि कावेरीच्या खोऱ्यातून, कुंभकोणम-तंजावरच्या गावांतून नोकरीसाठी आलेल्या कारकुनांना इथून कचेरी गाठणं सोपं झालं. ही माणसं आली ती आपल्या सोयी स्वतःच उभ्या करत. १९५३ साली एम. सी. सुब्रह्मण्यम यांनी इथे सामान्य माणसाला परवडेल असं पब्लिक हेल्थ सेंटर सुरू केलं. १९५४ पासून अयोध्या मंडपम आणि त्याचा श्रीराम समाज आहे. सरकारने आधी सोयी केल्या आणि मग वस्ती झाली, असं इथे घडलं नाही. वस्ती आधी झाली, मग शेजाऱ्यांनी वर्गणी काढली.

मराठी वाचकाला या भागाशी आपलं नातं काय, असं वाटू शकेल. चेन्नईत स्थिरावलेल्या तंजावरी मराठी घरांकडे पाहिलं तर ते सापडतं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यानंतर तमिळ मुलुखात गेलेली ही कुटुंबं. १८५५ साली तंजावरचं राज्य खालसा झालं, दरबाराचा आश्रय तुटला आणि इंग्रजी शिकून नोकऱ्या धरणं हाच मार्ग उरला. टी. माधवराव या कुंभकोणमच्या मराठी माणसाने तो मार्ग त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याच्या दिवाणगिरीपर्यंत नेला. सगळ्यांना तो जमणार नव्हताच. १९१२ साली मद्रासमध्ये महरट्टा एज्युकेशन फंड सुरू झाला तो दक्षिणेतल्या गरीब मराठी मुलांच्या शिक्षणाला हातभार लावण्यासाठी. दोनशे-अडीचशे वर्षं एका प्रांतात काढलेल्या समाजालाही वेळेवर फी भरणारं कुणीतरी लागतं, हे या फंडाच्या जन्मातून दिसतं. परका मुलूख आपला होण्याची सुरुवात पुष्कळदा अशा एखाद्या भरलेल्या फीच्या पावतीने होते.

हे पुस्तक मात्र या जुन्या स्थलांतरितांबद्दल नाही. ते १९८३ नंतर समुद्र ओलांडून आलेल्या श्रीलंकेच्या तमिळांबद्दल आहे, आणि त्यांच्यातल्याच काही जणांनी चेन्नईत उभ्या केलेल्या एका संस्थेबद्दल आहे. तिचं पूर्ण नाव ऑर्गनायझेशन फॉर ईलम रेफ्युजीज रिहॅबिलिटेशन. बोलताना सगळे ‘ऑफर’ म्हणतात. वेस्ट मांबलमपासून सुरुवात केली ती एवढ्यासाठी, की निर्वासित म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर फक्त तंबू येतात. तंबूंच्या पलीकडे भाड्याच्या खोल्या असतात, घरमालक असतात, शाळेचे दाखले असतात. नवं आयुष्य उभं राहायचं असेल तर ते तिथेच राहतं.

दोन्ही किनाऱ्यांमधलं अंतर फार नाही. तलैमन्नार ते धनुष्कोडी जेमतेम तीसेक किलोमीटर. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि मद्रासहून निघालेला प्रवासी आगगाडी, बोट आणि पुन्हा आगगाडी असं करत कोलंबोला पोचू लागला. त्या गाडीला लोक बोट मेल म्हणत, आणि ती याच मांबलमच्या रुळांवरून जायची. डिसेंबर १९६४च्या वादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं, पण रामेश्वरम-तलैमन्नार बोट त्यानंतरही वीसेक वर्षं चालली. ती बंद झाली १९८४च्या सुमारास, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा लोकांना पलीकडून अलीकडे यायची सगळ्यात जास्त गरज पडली.

१९८१च्या जूनच्या पहिल्या रात्री जाफन्याचं वाचनालय जाळलं गेलं, तेव्हा सुमारे ९७ हजार पुस्तकं गेली. २३ जुलै १९८३ला जाफन्याजवळ झालेल्या हल्ल्यात १३ सैनिक मारले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं पेटू लागली. तेव्हापासून निघालेली माणसं तीन-चार लाटांमध्ये आली: १९८३ ते ८७, मग १९९० नंतर, मग १९९६ पासून, आणि शेवटच्या युद्धाच्या वेळी २००६ ते ०९. सगळे मिळून तीन लाखांच्या वर. पुष्कळांना नावाड्यांनी वाळूच्या दांड्यांवर सोडलं आणि तिथून तटरक्षक दलाने किंवा मच्छीमारांनी उचलून आणलं. २०२२ साली श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हाही काही कुटुंबं याच वाटेने धनुष्कोडीच्या टोकाला, अरिचलमुनैला उतरली. त्या वेळी युद्ध नव्हतं, दुधाची भुकटी परवडत नव्हती.

किनाऱ्यावर आल्यावर पहिली नोंद मंडपमच्या छावणीत होते. ही छावणी मुळात इंग्रजांच्या काळातली. सिलोनच्या चहामळ्यांवर मजूर म्हणून जाणाऱ्यांना तिथे काही दिवस थांबवून, तपासून पुढे पाठवायचे. ज्या दारातून आजोबा-पणजोबा मळ्यावर गेले त्याच दारातून नातवंडं निर्वासित म्हणून परत आली, असं अनेक घरांचं झालं आहे. हे एरवी कथेत आलं असतं तर आपण लेखकाला जरा जास्तच जुळवलंस म्हणालो असतो. पण छावण्यांतली पुष्कळ कुटुंबं अशीच, मूळची तिरुची, मदुरै, पुदुक्कोट्टै भागातली, ‘मलैयहम’ म्हणजे डोंगरमुलखातली म्हणून ओळखली जाणारी आहेत. १९६४च्या सिरिमाओ-शास्त्री कराराने त्यांच्या पूर्वजांची वाटणी केली होती: सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख सिलोनकडे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. ते ‘नंतर’ १९७४ साली आलं आणि तेही निम्मेनिम्मे वाटले गेले. या हिशेबात जे कागदावर कुणाकडेच पोचले नाहीत, त्यांचे वंशज आजही कागदाच्याच शोधात आहेत.

भारताने १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७च्या पूरक करारावरही नाही, आणि आपला स्वतःचा निर्वासित कायदाही केलेला नाही. याचा अर्थ भारताने निर्वासितांना हाकललं असा मुळीच नाही. उलट श्रीमंत देशांनी लाजावं इतक्यांना आपण जागा दिली. पण ती दिली ती हक्क म्हणून नव्हे, सरकारी आदेशांवर. आदेश बदलला की दिवस बदलतात. तमिळनाडूच्या शंभराहून जास्त छावण्यांतली सुमारे ५८ हजार माणसं आणि छावणीबाहेर पोलिसात नोंद करून राहणारी तीसेक हजार माणसं या आदेशांवर जगतात. छावणीत ठरल्या दिवशी हजेरी होते, तिला ‘चेकिंग’ म्हणतात. नाव पुकारल्यावर माणूस समोर नसला तर महिन्याची रक्कम थांबू शकते. नोंदी ठेवते पोलिसांची क्यू ब्रँच. दहा बाय दहाच्या खोल्या, जुनी गोदामं, चक्रीवादळात आसरा म्हणून बांधलेल्या इमारती, यांत दोन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२१मध्ये राज्य सरकारने ३१७ कोटींची योजना जाहीर केली, सात हजारांहून जास्त घरं नव्याने बांधायचं ठरवलं, आणि कुटुंबप्रमुखाला महिन्याला १५०० रुपये, इतर मोठ्यांना १०००, मुलांना ५०० असा भत्ता केला. छावण्यांचं नावही बदलून ‘पुनर्वसन छावणी’ केलं. घरं खरंच चांगली झाली आहेत, आणि ते श्रेय सरकारला दिलंच पाहिजे.

मग संस्थेचं काम उरतं काय?

‘ऑफर’ १९८४ साली सुरू झाली. सुरू करणारे एस. सी. चंद्रहासन पेशाने वकील. त्यांचे वडील एस. जे. व्ही. चेल्वनायकम श्रीलंकेतल्या तमिळांच्या सनदशीर राजकारणाचे सगळ्यात मोठे नेते; १९४९ साली त्यांनी फेडरल पार्टी काढली आणि १९७७मध्ये ते वारले, म्हणजे बंदुकीचं पर्व भरात येण्याआधीच. मुलाने पक्ष न काढता संस्था काढली. ती काढली स्वतः निर्वासित असताना, आणि किती कच्च्या जमिनीवर, ते पुढच्याच वर्षी कळलं. श्रीलंका सरकार आणि तमिळ गट यांच्यातल्या थिंपूच्या वाटाघाटी फिसकटल्यावर ऑगस्ट १९८५मध्ये भारत सरकारने ज्या तमिळ नेत्यांना देशाबाहेर काढण्याचे आदेश दिले, त्यांत चंद्रहासन होते. पुढे तो आदेश मागे घेतला गेला. इतरांना कागदपत्रं मिळवून देणाऱ्याचा स्वतःचा मुक्काम एका सहीवर अवलंबून होता.

या संस्थेबद्दल सगळ्यात आधी लक्षात घ्यायची गोष्ट ही, की तिने निर्वासितांना इथे वसवायचं ठरवलं नव्हतं. परत न्यायचं ठरवलं होतं. युद्ध आज ना उद्या संपेल, आपण माघारी जाऊ, आणि जाऊ तेव्हा रिकाम्या हाताने जायचं नाही. शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस, संगणक येणारी पोरं घेऊन जायचं, असा तो विचार. म्हणून पहिला भर शिक्षणावर. सरकारी शाळा मोफत होत्याच, पण बारावीनंतर कॉलेजची फी, वसतिगृह, बसभाडं, आणि मुळात मुलगी छावणीतून कॉलेजला गेली तर बिघडत नाही हे आईबापांना पटवणं, हे सगळं संस्थेने अंगावर घेतलं. छावण्यांतून हजारो पदवीधर निघाले. दहा बाय दहाच्या खोलीत, एका दिव्याखाली चार भावंडं अभ्यास करतात तिथून निघालेला हा आकडा मला कुठल्याही स्मारकापेक्षा मोठा वाटतो.

दुसरा भर आरोग्यावर होता. बाहेरून डॉक्टर आणण्याऐवजी छावणीतल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. ताप मोजणं, गरोदर बाईची नोंद ठेवणं, मुलांचं वजन करणं त्या करू लागल्या. टाक्यांमध्ये स्पिरुलिना हे हिरवं शेवाळ वाढवून, वाळवून कुपोषित मुलांना देण्याचा उद्योगही संस्थेने चालवला, आणि त्यावर काम करणाऱ्या बायका छावणीतल्याच होत्या. २००४च्या त्सुनामीत तर उलटंच चित्र दिसलं. नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर मदतीला गेलेल्यांमध्ये हे निर्वासित स्वयंसेवक होते. सगळं वाहून गेलेल्या माणसाशी काय बोलावं आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

तिसरं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्याच्यावर आहे. ते म्हणजे जन्माची नोंद. छावणीतलं मूल सरकारी दवाखान्यात जन्मतं, नगरपालिकेचा जन्मदाखला त्याला मिळतो. पण तो दाखला ते जन्मलं एवढंच सांगतो. ते कुठल्या देशाचं हे सांगत नाही. श्रीलंकेचं नागरिकत्व वंशाने मिळू शकतं, त्यासाठी चेन्नईतल्या श्रीलंकेच्या उपउच्चायुक्तालयात वेगळी नोंद व्हावी लागते. त्या नोंदीसाठी आईबापांचे जन्मदाखले हवेत आणि लग्नाचा दाखला हवा. ते दाखले मन्नारच्या किंवा मुल्लैतीवूच्या घरात राहिले, घर जळलं, किंवा रात्री नावेत चढताना पिशवी समुद्रात पडली. लग्न छावणीतल्याच देवळात झालं असेल तर त्याची नोंद करायचं तेव्हा कुणाला सुचलं? मग पलीकडे ‘ऑफर सिलोन’ या भावंडसंस्थेचे लोक तिथल्या निबंधकाच्या कचेरीत जुन्या वह्या शोधतात, नक्कल काढतात, इकडे पाठवतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं निघालं की प्रतिज्ञापत्र. बापाचं नाव आद्याक्षराने लिहायची तमिळ पद्धत आणि पूर्ण नाव मागणारा अर्ज यांच्यामध्ये किती दुपारी गेल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. सरकार धान्य देतं, भत्ता देतं, आता घरही देतं. पण हा माणूस तोच, अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, अशी साक्ष द्यायला कुणी लागतं, आणि परक्या मुलखात शेजारपाजार नसलेल्या माणसाला ती साक्ष संस्थाच देते.

आपल्याकडच्या गलाई कारागिरांचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली, तमिळनाडूतही पोचली. दुष्काळी गावातला पोरगा अनोळखी शहरात जातो आणि पहिल्याच आठवड्यात लाखोंच्या सोन्याला हात लावतो. हे कशावर? आधी गेलेल्या गावच्या माणसाच्या शब्दावर. त्याला संस्थेची गरज पडत नाही, कारण त्याची साक्ष गावच देतं, आणि गाव जागेवर असतं. निर्वासिताचं गावच हललेलं असतं.

१९९१ हे वर्ष या साऱ्या गोष्टीला मधोमध कापून जातं. त्याआधी चेन्नईत ईलमच्या नावाने मोर्चे निघत होते, निधी गोळा होत होता, आणि लढाऊ गट शहरात उघड वावरत होते. मांबलम स्टेशनच्या पूर्वेला, टी. नगरच्या पाँडी बाजारात १९ मे १९८२ला प्रभाकरन आणि उमा महेश्वरन या लढाऊ गटांच्या नेत्यांनी भररस्त्यात एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या. जून १९९०मध्ये कोडंबाक्कममध्ये ईपीआरएलएफ या तमिळ गटाचे नेते पद्मनाभा आणि त्यांचे सहकारी मारले गेले, तेही तमिळांच्याच हातून. तरी शहराची सहानुभूती पुरती आटली नव्हती. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि ती रातोरात आटली. निर्वासित मुलांच्या शिक्षणाच्या सवलती गेल्या, बाहेरच्या संस्थांना छावण्यांची दारं बंद झाली, आणि ज्यांचा बंदुकीशी संबंध नव्हता, किंबहुना जे बंदुकीपासूनच पळून आले होते, ते सगळे एकाच नजरेने पाहिले जाऊ लागले. १९९६ नंतर शिक्षणाची दारं हळूहळू पुन्हा उघडली. मधल्या वर्षांत ज्यांची बारावी झाली त्यांच्यासाठी ती उघडली नाहीत.

छावणीबाहेर राहणाऱ्यांना हा फरक घरमालकाच्या चेहऱ्यावर दिसला. कोडंबाक्कम, वडपळनी, के. के. नगर, वळसरवाक्कम असा चेन्नईचा पश्चिमेकडचा पट्टा आहे, आणि वेस्ट मांबलम त्याच्या पूर्वेच्या कडेला. जाफन्याची बरी परिस्थिती असलेली कुटुंबं या पट्ट्यात भाड्याने राहत. कुणाचा भाऊ टोरांटोला, कुणाची बहीण लंडनला, आणि इथले सगळे व्हिसाची वाट बघत. भाषा एकच, देव तेच, तरी दोन वाक्यांत बोलण्याच्या हेलावरून माणूस ओळखू येतो. ओळखू आला की प्रश्न सुरू. एका शहराने ईलमसाठी किती घोषणा दिल्या हे मोजायचं असेल तर वर्तमानपत्रं चाळावीत. त्या शहराने ईलमच्या माणसाला किती सहज खोली दिली हे मोजायला दुसरं साधन लागेल. हा टोमणा चेन्नईला एकटीला नाही. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचे नियम आपल्याला माहीत आहेत.

छावणीतल्या पुरुषांना मिळालेलं मुख्य काम म्हणजे रंगारी काम. तमिळनाडूत बांधकामं वाढली, भिंतींना रंग द्यायला माणसं लागली, आणि कंत्राटदाराने कागद मागितला नाही. म्हणून गावोगावचे छावणीतले लोक रंग देऊ लागले. त्यात पदवीधर आहेत, अभियांत्रिकी शिकलेलेही आहेत, कारण पदवी असली तरी नागरिकत्व विचारणाऱ्या नोकरीत ती चालत नाही. वैद्यकीय शिक्षणाचा रस्ता तर जवळपास बंदच आहे. संस्थेने शिकवलं, राज्याने शिष्यवृत्ती दिली, आणि शेवटी हातात ब्रश आला. यावर रडगाणं गाणं सोपं आहे. पण रंगाच्या मजुरीवर बहिणीला परिचारिका करणाऱ्या, धाकट्याला इंजिनियर करणाऱ्या घरांना आपली कीव नको असते. या पुस्तकातही ती नाही, याचं मला समाधान आहे.

महाराष्ट्रात आपण निर्वासितांची एक वेगळी, यशाची गोष्ट पाहिली आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली आणि तिचं उल्हासनगर झालं. ८ ऑगस्ट १९४९ला त्या नगराची पायाभरणी केली ती तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी, म्हणजे पुढे टी. नगरच्या बझलुल्ला रोडवर राहिलेल्या राजाजींनी. वेस्ट मांबलमहून रूळ ओलांडले की ते घर लांब नव्हतं. सिंध्यांचे कष्ट कमी लेखायचं कारण नाही. पण ते आले तेच नागरिक म्हणून. राज्यघटनेने त्यांना जागा दिली, १९५४च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई दिली. दुकान घेता आलं, कर्ज घेता आलं, निवडणूक लढवता आली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२पासून असलेल्या तिबेटी वसाहतीचं आणखी वेगळं. नागरिकत्व नाही, पण जमीन आहे, नोंदणीपत्र आहे, पाठीशी धरमशालेची व्यवस्था आहे. ईलमच्या तमिळांजवळ भाषा होती, जी तिबेटींजवळ नव्हती. धर्म, जेवण, सिनेमा सगळं आधीच जुळलेलं होतं. नुसत्या सांस्कृतिक जवळिकीने माणूस सामावला जात असता, तर चाळीस वर्षांत छावणी उरलीच नसती. बर्मातून १९६०च्या दशकात परतलेल्या तमिळांकडे पाहा. सरकारने दुकानं दिली, बीच स्टेशनजवळ बर्मा बझार उभा राहिला, आणि आज चेन्नईकर अथो नावाच्या नूडल्स खाताना त्या कुणाच्या हे विचारतही नाही. त्या लोकांची जिद्द जास्त होती असं नाही. ते भारतीय म्हणून परत आले होते.

आता या पुस्तकाच्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या भागाकडे येतो, कारण तिथे संस्थेशी माझं पूर्ण पटत नाही. २००९मध्ये युद्ध संपलं. ‘ऑफर’च्या विचाराप्रमाणे आता परतीची वेळ झाली होती. चेन्नईतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाने स्वेच्छेने जाणाऱ्यांना तिकीट आणि थोडे पैसे दिले. काही हजार लोक गेले. बाकीचे गेले नाहीत. पंचवीस वर्षं परतीची तयारी करताना इथे शाळा झाली होती, लग्नं झाली होती, मयतं झाली होती. परतीसाठी म्हणून जे शिक्षण दिलं, त्याने पोरं तिरुचीची आणि चेन्नईची झाली. संस्थेचं यश हीच तिच्या मूळ ध्येयाची अडचण ठरली. परतीला महत्त्व देणं चूक नव्हतं. मन्नारला जमीन पडून आहे अशा घराला परत जाण्याचा हक्क खराखुरा मिळायलाच हवा, आणि त्यासाठी श्रीलंकेचे कागद लागतात. पण ज्यांचे पूर्वज पुदुक्कोट्टैतून मळ्यावर गेले, ज्यांची श्रीलंकेत इंचभर जमीन नाही, त्यांच्यासाठी ‘परत’ म्हणजे कुठे, हा प्रश्न आधीच मोठ्याने विचारायला हवा होता. परत जाणं आणि इथे नागरिक होणं या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात अशी भीती बराच काळ होती, आणि त्या भीतीत वर्षं गेली.

कायद्याने त्यांची वाट सोपी केली नाही. २००३च्या दुरुस्तीने परवान्याशिवाय आलेला प्रत्येक जण ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरला आणि त्याच्यासाठी नागरिकत्वाचा अर्जच बंद झाला. २०१९च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या बिगरमुस्लिमांना वाट दिली. श्रीलंका त्या यादीत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने अधूनमधून सरकारला जागं केलं. जन्म भारतात १ जुलै १९८७च्या आधी झाला असेल तर तो माणूस जन्मानेच भारतीय, हे छावणीतल्या माणसालाही लागू आहे, याला २०२२मध्ये न्यायालयात मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२५मध्ये नवा परदेशी नागरिक कायदा लागू झाला, तेव्हा ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रय घेतलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना कागद नसल्याबद्दलच्या शिक्षेतून केंद्राने सूट दिली. शिक्षेची भीती गेली ही लहान गोष्ट नाही. नागरिकत्व त्याने मिळत नाही.

पुढची पानं वाचताना एक घर मनात धरावं. ते कुठलं एक खरं घर नाही, कायद्याची कलमं लावून पाहण्यापुरतं. बाप १९७५ साली मन्नारला जन्मला, १९९० साली नावेने आला. आई मंडपमच्या छावणीत १९८६ साली जन्मली. कायद्याने ती भारतीय आहे, पण हे तिला कुणी सांगितलेलं नाही आणि तिच्याकडे निर्वासिताचंच ओळखपत्र आहे. थोरली मुलगी २००४च्या जूनमध्ये झाली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आई किंवा बाप यांपैकी एक भारतीय असला की पुरे, म्हणून तीही भारतीय. धाकटा २००६चा, नियम डिसेंबर २००४मध्ये बदलला, बाप ‘बेकायदा स्थलांतरित’, म्हणून तो भारतीय नाही. त्याला बापाच्या बाजूने श्रीलंकेचं नागरिकत्व नोंदवता येईल, आणि तसं केलं तर एकाच चुलीवर जेवणारी बहीण-भाऊ दोन देशांची होतील. नाही केलं तर तो कुठल्याच देशाचा नाही. संस्थेच्या कार्यकर्त्याला या घरासाठी आईची फाईल पासपोर्ट कचेरीत न्यावी लागेल, बापाची क्यू ब्रँचकडे, मुलीची आईच्या फाईलचा निकाल लागेपर्यंत कपाटात ठेवावी लागेल. मुलाच्या फाईलचं काय करायचं, हे कार्यकर्ता आईबापांना विचारील आणि आईबाप कार्यकर्त्याला.